सकपाळ सरांची नागमोडी पेटी

सकपाळ सरांना मधे रिकामी जागा चालायची नाही. महाप्याच्या आमच्या गाळ्यात आम्ही सात माणसं दुपारी एकाच लांब टेबलावर डबा खायचो. कुणी रजेवर असलं की सर उभ्याउभ्याच हाताने खूण करत, "सरका, सरका." सगळे एकेक खुर्ची सरकेपर्यंत ते डब्याचं झाकण उघडत नसत. म्हाताऱ्याला शिस्तीचा काहीतरी आजार असावा असं मला पहिल्या आठवड्यात वाटलं होतं, आणि मी ते तोंडावर बोलूनही दाखवलं होतं. मी घणसोलीची आगरी बाई, पोटात ठेवायची मला सवय नाही.

ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. "मशीनची सवय आहे, मॅडम," म्हणाले आणि भेंडीची भाजी पुढे केली.

आमचं काम जुनी मशीनं जिवंत ठेवायचं. मिनीकॉम्प्युटर म्हणायचे त्यांना. नावात मिनी असलं तरी एकेक मशीन लोखंडी कपाटाएवढं. बनवणारे केव्हाच धंदा गुंडाळून गेले, सुटे भाग मिळेनात, पण तळोज्याच्या एकदोन केमिकल कारखान्यांत ती अजून चालू होती, कारण बंद करायची कुणाची हिंमत नव्हती. मी तिथे रिपोर्ट टाइप करायचे. सर दौऱ्यावरून आले की माझ्या टेबलाशी उभे राहून सांगायचे, मी टाइप करायचे. बसा म्हटलं तरी बसायचे नाहीत. चुकीचा शब्द पडला की ते माझ्या खांद्यावरून बोट नाचवायचे, ते बोट मला अजिबात आवडायचं नाही.

पण मी काय टाइप करतेय ते मला कळलं पाहिजे, असा त्यांचा हट्ट होता. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी मला खुर्चीवरून उठवून सरावाच्या मशीनपाशी नेलं आणि दार उघडलं. आत ओळीने स्लॉट होते आणि प्रत्येक स्लॉटमध्ये एक कार्ड.

"हे टेपचं, हे डिस्कचं, हे छपाईचं. प्लांटमध्ये शेवटी अलार्मचं पण असतं. सगळ्यांच्या मागून त्याच तारा जातात. त्या तारांना बस म्हणतात. तिच्यावर एक बोलला की सगळ्यांना ऐकू जातं. म्हणून एका टायमाला एकानेच बोलायचं."

"मग कुणी बोलायचं हे कोण ठरवतं?"

सरांचा चेहरा खुलला. हा प्रश्न कुणी विचारावा म्हणूनच ते जन्माला आले असावेत. "ज्याला बोलायचंय तो हात वर करतो. मग प्रोसेसर पाळी सोडतो. पण पाळी सगळ्यांना एकदम नाही मिळत. पहिला घेतो, त्याला नको असेल तर दुसऱ्याला देतो, दुसरा तिसऱ्याला. हातोहात."

मग त्यांनी आईची गोष्ट सांगितली. त्यांची आई मंडणगडाकडच्या गावातून आली आणि वाशीच्या इमारतींवर कामाला लागली. स्लॅब पडायचा तेव्हा खालपासून वरपर्यंत बायकांची रांग लागायची आणि घमेली हातोहात वर जायची. एखादी पाणी प्यायला गेली तर मुकादम आधी तिच्या जागी बदली बाई उभी करायचा. नाहीतर घमेलं तिथेच अडायचं आणि वरच्यांना वाटायचं की माल संपला. मशीनचंही तसंच. एखादं कार्ड काढलं तर त्या जागी तळहाताएवढं, एकही चिप नसलेलं, नुसत्या तांब्याच्या रेघा असलेलं एक कार्ड बसवायचं. ते स्वतः काही करत नाही, फक्त पाळी पुढे देतं. पुस्तकात त्याला मोठं नाव होतं. सर त्याला 'बदली' म्हणायचे, आणि दोनचार बदल्या नेहमी त्यांच्या बॅगेत, डब्याच्या शेजारी, रुमालात गुंडाळलेल्या असायच्या.

"आणि नाही बसवली तर?"

"तर पुढची सगळी हात वर करून बसतात. मशीनला वाटतं, कोणालाच काय बोलायचं नाय."

'पाळी पुढं द्या' हे त्यांचं पालुपद होतं. मीटिंगमध्ये प्रधान साहेब, म्हणजे आमचे मालक, एकदा बोलायला लागले की थांबायचे नाहीत. सर अदबीने हात जोडून म्हणायचे, "साहेब, पाळी पुढं द्या." त्यांच्याशिवाय दुसऱ्या कुणी असं म्हटलं असतं तर दुसऱ्या दिवशी नोकरी शोधावी लागली असती. पण सरांना सगळं माफ होतं. नुसत्या आयटीआयवर आलेला हा माणूस, आणि मोठमोठ्या डिग्रीचे इंजिनिअर फोन करून त्यांना विचारायचे, सकपाळ, आता काय करू? दिघ्याच्या विहारात दर रविवारी ते मुलांना गणित शिकवायचे. तिथे त्यांचं नाव घेतलं तर रिक्षावाला सुट्ट्यासाठी वाद घालत नसे.

तळोज्याच्या प्लांटचा मॅनेजर एकदा त्यांच्याशी भांडला होता. पाळी आधी जवळच्याला मिळते, हे त्याला कुठूनतरी कळलं होतं. त्याचं म्हणणं, अलार्मचं कार्ड सगळ्यात महत्त्वाचं, मग ते पहिलं का नाही? टेपचं कार्ड का पहिलं? सर शांतपणे म्हणाले, "साहेब, टेप फिरत असते. तिला पाळी उशिरा मिळाली तर लिहायचं राहून जातं. अलार्म डोळ्याची पापणी लवेपर्यंत थांबू शकतो. जवळ बसवायचं ते घाईवाल्याला. घाई वेगळी, महत्त्व वेगळं." हे मला त्यांनी रिपोर्टमध्ये टाइप करायला लावलं. मी ते इंग्रजीत करताना घामाघूम झाले.

चहाची चाचणी मात्र मी प्रत्यक्ष पाहिली. एकदा कागदांवर सह्या घ्यायला त्यांच्याबरोबर तळोज्याला गेले होते. काम संपलं, आकडे पडद्यावर आले, मॅनेजर खूश झाला. सरांनी एक कटिंग मागवला, अगदी कडक गरम. मला वाटलं, झालं, आता चहा घेऊन निघू. तर यांनी तापमान मोजायची, मशीनला तारेने जोडलेली काडी ग्लासात बुडवली. आकडा चढला आणि बझर असा कर्कश वाजला की मी कानावर हात ठेवले. सरांनी तो पूर्ण मिनिटभर वाजू दिला. "पडद्यावरचे आकडे मशीन स्वतः जाऊन विचारून आणतं," परतीच्या वाटेत ते म्हणाले. "ते बघून भुलायचं नाय. अलार्मला स्वतःहून बोलता येतंय का, ते बघायचं." तो चहा त्यांनी मोरीत ओतला. चाचणीचा चहा प्यायचा नाही, असाही त्यांचा नियम होता.

आता मुख्य गोष्टीकडे यायला हवं. तिच्याकडे यायला मला नको वाटतंय, म्हणून एवढा वेळ चहापाण्यात काढला.

तळोज्याच्या मशीनची पेटी, म्हणजे आतली स्लॉटांची चौकट, नागमोडी होती. तिच्यात प्रत्येक स्लॉटचे दोन भाग होते, डावा आणि उजवा. आमच्या गाळ्यातल्या सरावाच्या मशीनमध्ये पाळी डाव्या बाजूने सरळ खाली उतरायची. तळोज्याच्या पेटीत ती डावीकडून उजवीकडे, मग खालच्या ओळीत उजवीकडून डावीकडे, अशी वळत जायची. टेपचं कार्ड रुंद, दोन्ही भाग व्यापणारं. ते काढलं तर सरळ पेटीत एक बदली पुरते, नागमोडी पेटीत दोन लागतात. सरांनी त्या पेटीच्या दाराच्या आतल्या बाजूला मार्करने ठळक लिहून ठेवलं होतं, 'दोन'.

गेल्या उन्हाळ्यात ते टेपचं कार्ड बिघडलं. सर ते काढून आणायला गेले. त्याआधी महिनाभर ते गाळ्यातल्या सरळ मशीनवरच काम करत होते. त्यांनी कार्ड काढलं आणि एकच बदली बसवली.

तिकडे बॅच खोळंबली होती. मॅनेजर घड्याळ बघत उभा होता. पडद्यावर आकडे आले. "टेप नसली तरी चालेल ना? मग करा चालू," तो म्हणाला. सरांनी कटिंग मागवला होता, तो आला. चाचणी केली असती तर पाच मिनिटं गेली असती. त्यांनी तो चहा पिऊन टाकला आणि सही केली.

दोन दिवसांनी दुपारपाळीत रसायनाच्या एका भांड्याचं तापमान चढत गेलं आणि बझर वाजलाच नाही. पॅनेलवर दिनेश म्हात्रे होता, कंत्राटी ऑपरेटर, तळोज्यापलीकडच्या गावातला. वीस आकड्यांपैकी तो एक आकडा त्याला दिसला तेव्हा फार उशीर झाला होता. तो पळत खाली गेला आणि थंड पाण्याचा व्हॉल्व्ह त्याने हातांनी उघडला. भांडं वाचलं, आजूबाजूची माणसं वाचली, पण झाकणाच्या फटीतून वाफ उसळली आणि याचे दोन्ही हात आणि अर्धा चेहरा भाजला. संध्याकाळपर्यंत सगळे त्याला शाबासकी देत होते. सकाळी विचारायला लागले, बझर वाजल्यावर लगेच का नाही गेला? पॅनेलवर बझर बंद करायचं बटण होतं, आणि वैतागून ते दाबायची सवय सगळ्याच ऑपरेटरांना होती. हळूहळू सगळ्यांनी ठरवून टाकलं की दिनेशने बटण दाबलं असणार. त्याच्यावर चौकशी बसली. नोकरी जाणार हे तर दिसतच होतं, वर पोलीस केसचंही बोलत होते.

मशीन तपासायला सर गेले. परत आले तेव्हा माझ्या टेबलाशी उभे राहिले आणि म्हणाले, "लिहा. तपासणीत दोष आढळला नाही."

मी टाइप केलं आणि सुटकेचा निःश्वास टाकला. आपल्यावर आलं नाही म्हणून. तो पोरगा त्या वेळी माझ्या डोक्यातही नव्हता, हे लपवून काय उपयोग?

त्यानंतर पाच-सहा दिवस सर टेबलावर येऊन बसायचे पण डबा उघडायचे नाहीत. एक जण रजेवर होता, मधली खुर्ची रिकामी होती. 'सरका' कुणी म्हणालं नाही. त्यांची तब्येत बिघडली असेल असं मला वाटलं. मी लिंबूसरबत करून दिलं, तेही तसंच राहिलं.

मग एका सकाळी अकराच्या सुमारास ते आले आणि माझ्यासमोर पहिल्यांदाच खुर्ची ओढून बसले.

"मॅडम, रिपोर्ट टाइप करायचाय. मराठीत."

"मराठीत? मराठीत कोण वाचणार आहे?"

"ज्याला वाचायला पायजे तो."

आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. दुसऱ्या वाक्याला माझे हात थांबले.

"तपासायला गेलो तेव्हा दार उघडल्या उघडल्या दिसलं. उजवा भाग रिकामा. समोर माझंच अक्षर, दोन. पॅनेलरूममध्ये कोण नव्हतं. हात बॅगेत गेला, मॅडम. बदली काढली, बसवली. दोन सेकंद लागले. मग चहा मागवला आणि चाचणी घेतली. बझर वाजला. मस्त वाजला."

मला सुचलं ते सगळं वाईटच सुचलं. "सर, वेड लागलंय का तुम्हाला? झालं ते झालं. कुणाला कळणार आहे? तो तरुण आहे, त्याला दुसरी नोकरी मिळेल. तुमचं इतक्या वर्षांचं नाव आहे. आणि हा गाळा? आमचं काय?"

"काल हॉस्पिटलात गेलो होतो त्याला बघायला," सर म्हणाले. "हाताला बँडेज, एवढं मोठं. मला बघून खूश झाला. म्हणाला, सर, मना सगली सांगतान का मीच बटन दाबला. पयला मना पक्का ठावं होता का बझर वाजला नाय. आता मना पन वाटतं, दाबला आसंल मीच."

सर पुढे म्हणाले, "नोकरीचं मी बघत नाय, मॅडम. त्याला खरं काय ते माहीत होतं. तेवढंच त्याच्याकडं होतं. ते मी काढून घेतलं."

"मग तिथेच का नाही सांगितलंत?"

"तोंडातून निघालं नाय," ते म्हणाले. "म्हणून तर टाइप करायचंय."

मी टाइप केलं. मॅनेजरने घाई केली होती, ते लिहूया म्हटलं, तर नको म्हणाले. "घाई त्याची होती. सही माझी." मी चिडून म्हटलं, अर्धी चूक त्याची आहे, ती तरी त्याच्या पदरात टाका. त्यांनी उठून माझ्या मागे येऊन खांद्यावरून बोट नाचवलं आणि 'मी चाचणी केली नाही' या वाक्यावर ठेवलं. "एवढंच राहू द्या."

प्रधान साहेबांनी कागद वाचला आणि केबिनचं दार लावून घेतलं. ते वाईट माणूस नव्हते. काचेतून मला ते हात जोडताना दिसत होते, खरोखरचे हात जोडताना. बाहेर आल्यावर सर म्हणाले, "साहेबांचं सगळं बरोबर आहे." आणि कागदाची एक प्रत घेऊन कारखाना निरीक्षकाच्या ऑफिसात देऊन आले.

पुढे जे व्हायचं ते झालं. दिनेशवरची चौकशी मागे घेतली आणि सरांवर बसली, ती अजून चालू आहे. प्लांटने ते मशीन भंगारात काढलं, काम गेलं, आणि चार महिन्यांत आमच्या गाळ्याला कुलूप लागलं. मी आता कोपरखैरण्याच्या एका दवाखान्यात रिसेप्शनला बसते. सर दिघ्याची खोली सोडून गावी गेले. आमच्यातल्या दोघांनी त्यांचा नंबर ब्लॉक केला आहे. मी केलेला नाही, पण मी फोनही केलेला नाही. मला त्यांचा राग येतो. पहिल्याच वेळी बोलले असते तर गाळा कदाचित वाचला असता. कधीच बोलले नसते तर नक्कीच वाचला असता. यातलं दुसरं माझ्या मनात येतं तेव्हा मला माझीच लाज वाटते, आणि ते बऱ्याचदा येतं.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते दिनेशच्या अंगणात. निरीक्षकाच्या ऑफिसात कागद दिल्यानंतर तीन दिवसांनी. त्या दिवसानंतर ते गाळ्यात आलेच नाहीत. दिनेशला आदल्याच दिवशी घरी सोडलं होतं. माझी आत्या त्याच गावात दिलेली, म्हणून सर म्हणाले, घर दाखवायला याल का. दारात दिनेशची आई तांदूळ निवडत होती. सरांना हॉस्पिटलात पाहिलेलं, त्यामुळे ओळखून ती लगबगीने उठली. "या या, बसा. पोराला बगायला आलाव? चाय ठेवतंय." सर नको नको म्हणत राहिले, पण ती आत गेलीच.

दिनेश ओसरीवर खुर्चीत बसला होता. दोन्ही हात उशीवर ठेवलेले, कोपरापर्यंत बँडेज. सरांनी कागद काढला. त्याला तो धरता येईना, म्हणून सर त्याच्यासमोर वाकून उभे राहिले आणि दोन्ही हातांनी कागद त्याच्या डोळ्यांपुढे धरला. तो सावकाश वाचत होता, ओठ हलवत. एका जागी थांबला, परत वर गेला, पुन्हा वाचलं. सर तसेच वाकलेले होते. मी खुर्ची आणते म्हटलं, त्यांनी मानेनेच नको म्हटलं.

"म्हंजे वाजलाच नवता," दिनेश म्हणाला.

"नाय वाजला," सर म्हणाले. "वाजणारच नव्हता."

दिनेशच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते त्याला पुसता येईना. चेहऱ्याच्या भाजलेल्या बाजूवरून ते ओघळत होतं, चरचरत असणार. मी पदर पुढे केला तर त्याने मान फिरवली. सर म्हणाले, "दिनेश, मी..."

तेवढ्यात त्याची आई चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. मुलगा रडताना बघून दारातच थांबली. शेजारच्या दोघीतिघी बायका कुंपणाशी आल्या, एक म्हातारा काठी टेकत आला. गेले दहा-बारा दिवस याच लोकांनी तिच्या पोराच्या निष्काळजीपणाची चर्चा केली असणार. दिनेशने आईकडे पाहिलं, मग सरांकडे.

"वाचा, सर," तो म्हणाला. "पयल्यापासून वाचा. मोट्यानं. माजे आयेला ऐकू दे."

सर सरळ उभे राहिले. मला वाटलं, आता हे कागद माझ्या हातात देतील. मी हात पुढेही केला होता. त्यांनी दिला नाही. कुंपणापाशी जमलेल्या माणसांकडे तोंड करून, ओसरीच्या पायरीवर उभं राहून, शेवटच्या बाईलाही ऐकू जाईल अशा आवाजात ते वाचायला लागले, "मी, मोहन गंगाराम सकपाळ, राहणार दिघा..."